दान आणि विश्वास : नामदार जगन्नाथ शंकरशेट यांचे चरित्र

मनुष्य आपल्या कष्टाची अगर वाडवडिलांच्या पुण्याईची मिळकत दुसऱ्यास का देतो, हा प्रश्न दिसावयास सोपा असला तरी त्याचे उत्तर सोपे नाही. कोणी परलोकी पुण्य जोडावे म्हणून देतो. कोणी दिवंगत आईबापांच्या स्मरणार्थ देतो. कोणी चार माणसांत नाव व्हावे म्हणून देतो, तर कोणी दारी आलेल्या मंडळींस रिकाम्या हाताने परत पाठविणे बरे दिसत नाही, एवढ्याच कारणाने देतो. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. ते वाचताना आपणांस वाटते की, जगात तीन जातींचे दाते असावेत. प्रत्यक्षात मात्र हे तिन्ही प्रकार बहुधा एकाच माणसाच्या मनात शेजारी नांदत असतात आणि त्यांतील कोणता केव्हा डोके वर काढील, हे त्याचे त्यासही सांगता येत नाही.

अशा प्रश्नाचा उलगडा तात्त्विक चर्चेने होत नाही. एखाद्या मोठ्या दात्याचे चरित्र समोर ठेवून, त्याने काय दिले, कसे दिले आणि त्याच्या देण्यामागून आणखी किती जणांनी दिले, हे पाहिले म्हणजे उलगडा होतो. आपल्या दैवज्ञ ज्ञातीचे भाग्य असे की, ह्यासाठी आपणांस दूर जावयास नको. नाना शंकरशेट हे नाव आपल्या प्रत्येक घरी ठाऊक आहे. परंतु नाव ठाऊक असणे निराळे आणि चरित्र ठाऊक असणे निराळे. म्हणून ह्या वर्षीच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र दानाच्या दृष्टीने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

घराणे व पूर्वपीठिका

नानांचे घराणे मुरकुटे ह्या आडनावाचे. त्यांचे आजोबा बाबुलशेट अठराव्या शतकात कोकणपट्टीतून मुंबईस आले. वडील शंकरशेट यांनी व्यापारात मोठी दौलत मिळविली आणि पुढे त्यांचेच नाव घराण्याचे नाव होऊन बसले. नानांचा जन्म ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे १० फेब्रुवारी १८०३ रोजी झाला. मातोश्री भवानीबाई यांचा वियोग त्यांस बालपणीच झाला. १८२२ साली वडीलही निवर्तले, तेव्हा नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते. आजच्या हिशेबाने बोलावयाचे तर कॉलेजात शिकावयाच्या वयात एका मोठ्या पेढीची व विस्तृत इस्टेटीची जोखीम त्यांचे शिरावर येऊन पडली.

वडिलांच्या दानाची एक खूण मुंबईत आजही उभी आहे. ज्या चौकास आज नाना चौक म्हणतात, त्याच्या जवळ शंकरशेट यांनी बांधिलेले भवानीशंकराचे मंदिर आहे. भवानी हे पत्नीचे नाव, शंकर हे स्वतःचे, आणि दोन्ही मिळून देवाचे. त्या काळी सधन गृहस्थाने करावयाचे दान म्हणजे मंदिर, धर्मशाळा, विहीर अगर अन्नछत्र. पुण्य आणि कुटुंबाची आठवण ही दोन्ही त्यात साधत असत. ह्या प्रकारच्या दानास कोणीही कमी लेखू नये, कारण ह्याच संस्कारात नानांचे बालपण गेले आणि देणे हा घरचा रिवाज आहे, असे त्यांस समजू लागण्याच्या वयापासून दिसत आले. दानाची पहिली प्रेरणा बहुधा उपदेशाने येत नाही. घरात मोठी माणसे काय करतात, हे पाहून ती येते.

पेढीवरील विश्वास

नानांच्या व्यापाराविषयी एक गोष्ट प्रसिद्ध आहे आणि आमच्या मते त्यांच्या सार्वजनिक जीवनाची किल्ली तीच होय. अरब, अफगाण व इतर परदेशी व्यापारी मुंबईस येत, तेव्हा आपला पैसा व जडजवाहीर बँकेत ठेवण्याऐवजी नानांच्या पेढीवर ठेवीत असत. धर्म निराळा, भाषा निराळी, मुलूख शेकडो कोसांवर, अशा माणसांनी आपले सर्वस्व एका हिंदू सराफाच्या स्वाधीन करून निर्धास्तपणे निघून जावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. आपल्या परंपरागत धंद्यात सोन्यापेक्षा सचोटीला मोल अधिक आहे, हे आपले वाडवडील सांगत आले. गिऱ्हाइकास कसोटीवरचा कस वाचता येत नसतो. तो सोनाराचे तोंड पाहून विश्वास ठेवीत असतो.

हा जो व्यापारातला विश्वास, तोच पुढे नानांच्या हातून सार्वजनिक कार्यात भांडवल म्हणून उतरला. वर्गणीची यादी घेऊन कोणीही हिंडू शकतो. परंतु पैसे देणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो, तो कार्य किती चांगले आहे हा नसून, माझा पैसा पोहोचेल ना, हा असतो. ज्याच्या पेढीवर दूरदेशीच्या व्यापाऱ्याची ठेव सुरक्षित राहते, त्याने मागितलेल्या वर्गणीविषयी हा प्रश्नच उरत नाही.

शाळा व वर्गणी

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे १८१९ ते १८२७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या प्रोत्साहनाने १८२२ साली एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी एक संस्था स्थापन झाली. मराठीत तिला हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळी असे म्हणत, आणि १८२७ पासून ती बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. बापू छत्रे यांच्यासारखे विद्वान तिचे काम पाहत. मराठी शालेय पुस्तके छापणे, शिक्षक तयार करणे आणि शाळा काढणे हे तिचे कार्य. पितृवियोगाचे दुःख ताजे असतानाच्या त्या तरुण वयात नाना ह्या कार्यात पडले आणि अखेरपर्यंत त्यातून त्यांनी अंग काढून घेतले नाही.

एल्फिन्स्टन साहेब १८२७ साली स्वदेशी जावयास निघाले, तेव्हा त्यांचे स्मारक करावे असे मुंबईकरांच्या मनात आले. स्मारक म्हटले की पुतळा अगर तसबीर, ही त्या काळची व आजचीही सर्वसाधारण समजूत. परंतु मुंबईच्या पुढाऱ्यांनी ठरविले की, ह्या निधीतून इंग्रजी भाषा व पाश्चात्त्य शास्त्रे शिकविणारे अध्यापक नेमावेत. राजेरजवाड्यांपासून व्यापाऱ्यांपर्यंत अनेकांनी वर्गणी दिली आणि दोन लाखांहून अधिक रुपये जमले. अध्यापनाचे वर्ग १८३५ साली सुरू झाले व त्यांतूनच आजचे एल्फिन्स्टन कॉलेज उदयास आले. ह्या खटपटीत नाना अग्रभागी होते.

ह्या निधीचा प्रसंग दानाच्या प्रेरणेविषयी पुष्कळ शिकवून जातो. पैसे देणाऱ्या सर्वांच्या मनात विद्येचे प्रेमच उसळत होते, असे कोण म्हणेल? कित्येकांस गव्हर्नरसाहेबांविषयी आदर होता, कित्येकांस यादीत आपल्या बरोबरीच्या गृहस्थांची नावे दिसली म्हणून मागे राहणे कमीपणाचे वाटले असेल. परंतु ज्यांनी योजना आखली, त्यांनी ह्या सर्व लहानमोठ्या भावना एका ओघात आणल्या आणि तो ओघ विद्येच्या शेताकडे वळविला. पाणी कोणत्या डोंगरावरून आले, ह्याची चौकशी पीक करीत नाही. समाजधुरीणाचे खरे कसब लोकांचे मन शुद्ध करीत बसण्यात नाही. जसे मन असेल तसे घेऊन त्यास चांगल्या कामी लावण्यात ते आहे.

आम्ही स्वतः शिक्षकी पेशात असताना आणि सेवानिवृत्तीनंतरही विद्यार्थ्यांच्या वह्यापुस्तकांसाठी वर्गणी जमविण्याचे काम अनेक वर्षे केले आहे. पावती पुस्तक उघडून पुढे ठेवले की यजमान प्रथम मागील पाने चाळतात. कोणी किती दिले, हे पाहिल्यावाचून पेन उचलले जात नाही. प्रारंभी आम्हांस ह्याचा विषाद वाटे. पुढे उमगले की, ह्यात केवळ चढाओढ नाही. ज्याच्यावर आपला भरवसा आहे त्याने दिले आहे ना, एवढी खात्री मनुष्य करून घेत असतो. म्हणून पहिल्या पानावरील पहिले नाव फार महत्त्वाचे. मुंबईच्या सार्वजनिक कार्याच्या पुस्तकात ते पहिल्या पानावरचे नाव पुष्कळ वर्षे नानांचे होते.

वाड्यातील मुलींची शाळा

नानांच्या सर्व दानांत आमच्या अंतःकरणास सर्वांत भिडणारे दान कोणते, असे कोणी विचारल्यास आम्ही मुलींच्या शाळेकडे बोट दाखवू. १८४८ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींच्या शिक्षणास प्रारंभ केला. त्याच वर्षी मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी व तरुण अध्यापकांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. दादाभाई नौरोजी हे त्या तरुणांपैकी एक. पुढील वर्षी, म्हणजे १८४९ साली, ह्या मंडळींनी मुलींच्या शाळा काढल्या. ह्या तरुणांजवळ उत्साह होता, विद्या होती आणि विनावेतन शिकविण्याची तयारीही होती. नव्हते ते दोनच: पैसा आणि जागा.

त्या काळी मुलीने पाटी हाती घेणे म्हणजे घरावर संकट ओढवून घेणे, अशी दृढ समजूत होती. शिकलेली मुलगी विधवा होते, असे घरोघरी मानीत. अशा वेळी मुलींच्या शाळेस भाड्याने तरी जागा कोण देणार? नानांनी पैशाचे साहाय्य तर केलेच, परंतु गिरगावातील आपल्या वाड्यातच शाळेस जागा करून दिली. हिंदू समाजातील अनेकांचा ह्यास विरोध होता. तो नानांच्या घरापर्यंत पोहोचला नसेल, असे समजणे भाबडेपणाचे होईल.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. शाळेस दूर कोठे जागा भाड्याने घेऊन देणे नानांसारख्या श्रीमंतास अशक्य नव्हते. तेवढ्या पैशाने शाळा चालली असती आणि घरास तोशीस लागली नसती. परंतु मग शहरातील बापांनी आपल्या मुली तेथे धाडिल्या असत्या काय? परक्या जागेत मुलगी धाडावयास जे गृहस्थ धजले नसते, त्यांस शंकरशेटांच्या वाड्यात धाडावयास संकोच कमी वाटला. ज्या घरात दूरदेशीच्या व्यापाऱ्याची तिजोरी सुरक्षित राहते, तेथे आपली लेक सुरक्षित राहील, हा भरवसा त्या शाळेचा खरा पाया होता. नानांनी येथे नुसती जागा दिली नाही. तीन पिढ्यांनी जोडलेली घराण्याची अब्रू त्यांनी त्या मुलींच्या पाठीशी उभी केली. रुपया दिला तर तो पुन्हा मिळविता येतो. अब्रू एकदा पणास लावली म्हणजे ती परत येईलच, अशी शाश्वती नसते. म्हणून हे दान आम्ही सर्वश्रेष्ठ मानतो.

पैशावाचून केलेली दाने

दान म्हणजे पैसा, ही समजूत नानांच्या चरित्राने पार पुसून जाते. गिरगावालगतच्या सोनापूर येथील हिंदूंची स्मशानभूमी शिवडीस हलविण्याचा सरकारचा विचार होता. ज्यांच्या दारी गाड्याघोडे आहेत, त्यांस शिवडी काय आणि सोनापूर काय, सारखेच. परंतु खांद्यावर तिरडी घेऊन चालणाऱ्या गरिबास ते अंतर केवढे! नानांनी सरकार दरबारी खटपट करून सोनापूर हिंदूंसाठी कायम राखले. ह्या कामात त्यांचा वेळ, शब्द आणि सरकार दरबारातील वजन खर्ची पडले. गरिबाच्या शेवटच्या यात्रेची सोय पाहणारा मनुष्य केवळ कीर्तीचा भुकेला असू शकत नाही.

१८४० साली मुंबई इलाख्यासाठी शिक्षण मंडळ नेमण्यात आले. त्यात नानांबरोबर फ्रामजी कावसजी व महंमद इब्राहिम मकबा हे एतद्देशीय सभासद होते. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा भर इंग्रजी माध्यमावर होता. १८४७ च्या सुमारास हा वाद ऐरणीवर आला, तेव्हा नानांनी सहकाऱ्यांसह देशी भाषांचा पक्ष निर्भयपणे घेतला. बहुजनांपर्यंत ज्ञान पोहोचवावयाचे तर ते मातृभाषेतूनच पोहोचेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. इंग्रजी विद्येसाठी निधी जमविणारे आणि कॉलेज उभारणारे हेच गृहस्थ, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या विचाराचा समतोल दिसतो. ज्याने आयुष्यभर मराठी शाळेत अक्षरे गिरवून घेतली, त्यास ह्या एका गोष्टीसाठी नानांविषयी कृतज्ञता वाटल्यावाचून राहत नाही.

याखेरीज त्यांनी हात लावलेली कार्ये इतकी आहेत की, त्यांचा नुसता नामनिर्देश करून पुढे जाणे प्राप्त आहे. सती बंद करणाऱ्या १८२९ च्या कायद्यास त्यांचा पाठिंबा होता. ग्रँट रोडवर नाट्यगृहासाठी त्यांनी जागा दिली. १८४६ साली ते उघडले आणि १८५३ साली सांगलीच्या विष्णुदास भावे यांच्या मंडळीने तेथे नाटके केली. सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासमवेत त्यांनी आगगाडीसाठी खटपट केली व ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या संचालक मंडळात हे दोघे एतद्देशीय होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली. २६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशन ही राजकीय संस्था स्थापन झाली, तिचे अध्यक्षपद नानांकडे होते आणि हिंदी लोकांची गाऱ्हाणी तिने पार्लमेंटपुढे मांडिली. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, तेव्हाच्या फेलोंमध्ये ते होते. १८६२ साली ते मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद झाले व नामदार म्हणून ओळखले जाऊ लागले. राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयासाठी डॉ. भाऊ दाजी लाड व डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्याबरोबर त्यांनी श्रम घेतले. त्याची कोनशिला १८६२ साली बसली, परंतु ते १८७२ साली लोकांस खुले झाले तेव्हा नाना हयात नव्हते. ३१ जुलै १८६५ रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्यांनी इहलोकची यात्रा संपविली.

नावाचा प्रश्न

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. कित्येक चिकित्सक गृहस्थ म्हणतात की, हे सर्व मानसन्मानासाठी केलेले होते. नानांस मान मिळाला, हे खरेच आहे. जस्टिस ऑफ द पीस झालेल्या पहिल्या काही एतद्देशीयांत ते होते, कायदेमंडळात त्यांस स्थान मिळाले, एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा आजही आहे. मान मिळाला म्हणून दान खोटे ठरते काय?

त्या काळच्या मुंबईकडे पाहावे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या औदार्याने मोठे रुग्णालय उभे राहिले व १८४५ पासून ते रोग्यांची सेवा करीत आहे. त्याच साली त्यांच्या पत्नी अवाबाई यांच्या देणगीतून, सुमारे १ लक्ष ५७ हजार रुपये खर्चून, माहीम व वांद्रे यांस जोडणारा रस्ता खुला झाला. तेथून जाणाऱ्याकडून जकात घेऊ नये, ही त्यांची इच्छा होती. प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठास दिलेल्या देणगीतून मनोरा उभा राहिला, तो १८७८ साली पुरा झाला. त्यास त्यांनी आपले नाव न देता मातोश्री राजाबाई यांचे नाव दिले. कोणाच्या मनात देवाचे भय असेल, कोणाच्या मनात आईचे प्रेम, कोणाच्या मनात दरबारी मान. रोगी बरा होताना, वाटसरू खाडी ओलांडताना आणि विद्यार्थी ग्रंथ वाचताना ह्यांतील काहीच विचारीत नाही.

आमचे मत असे की, नावाची इच्छा ही मनुष्यास स्वाभाविक आहे आणि ती मर्यादेत असेल तर उपकारकही आहे. संगमरवरी पाटीवरील नाव वाचून दुसऱ्यास देण्याची बुद्धी होते, हे आम्ही पाहिले आहे. दोष पाटीत नाही. पाटी लागल्यावर जो दाता पुन्हा त्या संस्थेकडे फिरकत नाही, त्याचे दान पाटीबरोबर संपते. नाना मात्र पहिल्या वर्गणीनंतर चाळीस वर्षे सभांना जात राहिले, मंडळांत बसत राहिले, वाद करीत राहिले. मानासाठी मनुष्य एखादा समारंभ सोशील, चाळीस वर्षांच्या बैठका सोसणार नाही.

आणखी एक कसोटी आहे. दात्याच्या मागे त्याच्या घरात देण्याची बुद्धी उरते किंवा नाही? नानांच्या पश्चात त्यांचे चिरंजीव विनायकराव यांनी पित्याच्या स्मरणार्थ विद्यापीठास देणगी दिली आणि मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृत विषयात अग्रस्थान मिळविणाऱ्यांसाठी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती सुरू झाली. पितामहांनी मंदिर दिले, पित्याने शाळा दिली, पुत्राने शिष्यवृत्ती दिली. काळ पालटला तसे दानाचे रूप पालटले, घरचा रिवाज मात्र पालटला नाही.

ह्या शिष्यवृत्तीचा महिमा महाराष्ट्रातील शिक्षकांस सांगावयास नको. हुशार विद्यार्थ्यास संस्कृतच्या तासाला ह्या नावाने चेतविले नाही, असा जुना संस्कृत शिक्षक विरळा. ही शिष्यवृत्ती कोणा एका ज्ञातीपुरती राखून ठेविलेली नव्हती. १९१२ साली चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले आणि त्यांनीच ही पहिली शिष्यवृत्तीही मिळविली. पुढे १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले व स्वातंत्र्यानंतर देशाचे अर्थमंत्रीही झाले. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते. नानांस निवर्तून तेव्हा सत्तेचाळीस वर्षे लोटली होती. देणाऱ्याने घेणाऱ्यास पाहिलेले नाही, घेणाऱ्याने देणाऱ्यास पाहिलेले नाही, दोघांत नाते काही नाही, आणि तरीही एकाची पुण्याई दुसऱ्याच्या कामी आली. ह्याहून निर्मळ दान कोणते?

देण्यातून देणे

दादाभाई नौरोजी यांचा उल्लेख वर आलाच आहे. त्यांचे घर गरिबीचे होते. नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत त्यांस विनाफी शिकावयास मिळाले. हेच ते विद्यादान, ज्यासाठी नाना व त्यांचे सहकारी वर्गणी जमवीत होते. आपले शिक्षण लोकांच्या पैशावर झाले, तेव्हा आपल्या जवळचे सर्वोत्तम ते लोकांस परत केले पाहिजे, ही जाणीव आपल्या मनात विद्यार्थिदशेतच रुजली, असे दादाभाईंनी पुढे आत्मकथनात नमूद करून ठेविले आहे. मुलींच्या शाळेत विनावेतन शिकविणाऱ्या तरुणांत ते होते, ते ह्याच जाणिवेमुळे. आणि तेच पुढे राष्ट्राचे पितामह झाले.

दानाच्या प्रेरणेविषयीच्या मूळ प्रश्नास येथे उत्तर मिळते, असे आम्हांस वाटते. मनुष्य देतो, कारण कोणीतरी पूर्वी त्यास दिलेले असते. नानांनी घरी वडिलांचे देणे पाहिले. दादाभाईंनी शाळेत अनोळखी माणसांचे देणे अनुभविले. त्याच दादाभाईंनी शाळा काढिली, तेव्हा तीस जागा नानांच्या वाड्यात मिळाली. देणाऱ्याने घेणाऱ्यास घडविले आणि घेणारा देणारा होऊन त्याच्याच दारी उभा राहिला. पुण्य, कीर्ती, स्मृती, लोकलज्जा ह्या सर्व प्रेरणा खऱ्याच आहेत. परंतु त्या दिव्यातील वातीसारख्या होत. एका दिव्याने दुसरा लागावा, हे मात्र विश्वास व कृतज्ञता ह्या दोन गोष्टींनीच घडते.

आपणांस बोध

ज्ञातिबंधु-भगिनींनो, नाना आपले म्हणून आपण त्यांची जयंती करतो, त्यांच्या तसबिरीस हार घालतो. ते योग्यच आहे. परंतु ज्याने आपल्या दारातून कोणासही ज्ञात विचारून परत पाठविले नाही, त्यास केवळ आपला म्हणणे म्हणजे त्याचे मोठेपण आपल्याच हाताने कमी करणे होय. मुंबईतील शाळा, आगगाडी, स्मशान, नाट्यगृह, विद्यापीठ ह्या सर्वांवर त्यांची छाया आहे. ह्यांपैकी एकही गोष्ट त्यांनी फक्त दैवज्ञांसाठी केली नाही. ज्ञातीतील गरजू विद्यार्थ्यास मदत करणे हे आपले पहिले कर्तव्य खरे. ते शेवटचे कर्तव्य मात्र नव्हे. आपल्या निधीतून दरसाल निदान एक पुस्तकसंच, एक फी, एक शिष्यवृत्ती ज्ञातीबाहेरील गरजू मुलास अगर मुलीस जावी, अशी सूचना आम्ही नानांच्या नावाने करू इच्छितो.

दुसरी गोष्ट कार्यकारी मंडळींसाठी. लोक देत नाहीत, अशी तक्रार दर वार्षिक सभेत ऐकू येते. लोक देतात. मागणाऱ्याने प्रथम स्वतःची आकृती पावती पुस्तकात लिहिलेली असावी, हिशेब वेळेवर छापलेला असावा आणि घेतलेल्या पैशाचे काय झाले, हे देणाऱ्यास विचारावे लागू नये. एवढे झाले की पेढीवर ठेव जशी आपोआप येते, तशी वर्गणीही येते.

तिसरी गोष्ट सर्वांसाठी. ज्यांस फार पैसा देणे शक्य नाही, त्यांनी मन लहान करू नये. घरातील एक खोली संध्याकाळी अभ्यासास मोकळी ठेवणे, आठवड्यातून दोन तास मुलांस शिकविणे, एखाद्या विधवा भगिनीचे अर्ज कचेरीत नेऊन पोहोचविणे, हीही दानेच होत. आणि ही करताना घरातील मुले ते पाहत असतात, हे विसरू नये. भवानीशंकराच्या मंदिराचा धनी आपल्या मुलास दानावर व्याख्यान देत बसला नसेल. मुलाने पाहिले आणि मुलाने केले. आपल्या मुलांनी आपणांकडे पाहून काय करावे, हे आज आपणच ठरवीत आहोत.